गुरुवारचं टाचण

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आत पुढच्या आठवड्याचं टाचण मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेलंच पाहिजे, असा तात्यासाहेबांचा दंडक होता. कोणत्या वारी, कोणत्या तासाला काय शिकवणार, उद्दिष्ट काय, साधनं कोणती, गृहपाठ काय, हे सगळं रकाने आखून लिहायचं. तात्यासाहेब पान उलटत, तारीख बघत आणि तांबड्या शाईत सही ठोकत. मजकूर ते वाचत असतील असा संशय कुणी कधी घेतला नाही. सव्वीस बायांची टाचणं वाचत बसलं तर माणसानं शाळा कधी चालवायची?

आणि जे कुणी वाचत नाही ते कुणी नव्यानं लिहीत नाही, ही जगरीतच आहे. औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या कन्याशाळेतल्या बहुतेक बाया मागच्या वर्षीची वही पुढ्यात घेत, तारखा तेवढ्या बदलत आणि बाकीचं मागील पानावरून पुढे चालू. दमयंतीबाई पैठणकरही त्यातल्याच. फरक एवढाच, की त्यांची मूळ वही खरोखरीच चांगली होती. बी.एड. होऊन नव्या नव्या लागल्या होत्या तेव्हा, म्हणजे चौसष्ट साली, त्यांनी आठवीच्या इंग्रजीचं आणि सामाजिक शास्त्रांचं अख्ख्या वर्षाचं टाचण जीव ओतून लिहिलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर ‘अनुकरणीय’ असा शेरा मारला. बाईंनी तो शेरा फारच मनावर घेतला आणि पुढची अकरा वर्षं स्वतःचंच अनुकरण केलं.

त्या वहीतला सगळ्यात गाजलेला तास ऑगस्टमधल्या एका गुरुवारचा. घटक: न्यायव्यवस्था. उद्दिष्ट: साक्षीदाराच्या कर्तव्याची जाणीव करून देणे. त्या दिवशी वर्गातच कोर्ट भरायचं. खटला कोंबडीचोरीचा. कुणी काय व्हायचं ते हजेरी नंबरांनी लिहून ठेवलेलं: तीन नंबर न्यायाधीश, नऊ नंबर सरकारी वकील, बारा नंबर आरोपीची वकील, सतरा नंबर आरोपी, एकवीस नंबर साक्षीदार. नंबर पुकारला की मुलगी उठायची. मला का नाही घेतलं, तिलाच का घेतलं, ही कटकट नाही. मुली या कोर्टाची वाट बघत आणि शेजारच्या वर्गातल्या मुली खिडकीतून डोकावत.

पंच्याहत्तर सालीही तो आठवडा ठरल्यासारखाच आला. बुधवारी इंग्रजीच्या तासाला पत्रलेखन होतं: वडिलांना पत्र लिहून अभ्यासातली प्रगती कळवा. मुलींनी ‘डिअर फादर’ लिहून पत्रं खरडली, तास संपल्यावर वह्यांचा गठ्ठा टेबलावर आला. आणि गुरुवारी कोर्ट भरलं.

“सतरा नंबर!” वहीतून डोकं वर न काढताच दमयंतीबाईंनी पुकारा केला.

सतरा नंबर म्हणजे आवडा कारभारी थेटे. जूनमध्ये नवीन आलेली, तेरा वर्षांची, हर्सूलहून दिल्ली दरवाजातून रोज पायी येणारी मुलगी. बोलणं बेताचं, पण पहिल्या चाचणीत इंग्रजीत वर्गात दुसरी आली होती. ती उठली, फळ्याजवळ बाक आडवा लावून केलेल्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली आणि हातात दिलेल्या चिठ्ठीकडं बघत राहिली. “गुन्हा कबूल आहे का?” असं न्यायाधीश झालेल्या मुलीनं विचारलं तेव्हा चिठ्ठीवरचं “कबूल नाही” तिनं इतक्या हळू म्हटलं, की मागच्या बाकावरून “मोठ्यानं, मोठ्यानं” असा ओरडा झाला.

मग साक्षीदार आली. ही दमयंतीबाईंच्या टाचणातली हातोटी. साक्षीदारानं आधी खोटं बोलायचं, मग सरकारी वकिलानं तिला उलटसुलट विचारून पकडायचं, आणि मग बाईंनी वर्गाला सांगायचं की खरी साक्ष देणं हे नागरिकाचं पहिलं कर्तव्य. एकवीस नंबरनं पदर नसताना पदर सावरला आणि ठसक्यात म्हणाली, “मी त्या वेळी झोपले होते. मी काही बघितलं नाही.”

“तिला नका इचारू काय,” पिंजऱ्यातून आवडा म्हणाली. “गुन्हा कबूल हाय मला.”

वर्ग खो खो हसला. बाईंचं टाळकं सणकलं. अकरा वर्षांत एकाही आरोपीनं मधेच गुन्हा कबूल केला नव्हता.

“कबूल नाही म्हणायचंय, आवडा. चिठ्ठीवर काय लिहिलंय? तू कबूल झालीस तर पुढचं कोर्ट चालायचं कसं?”

“कबूल हाय, बाई.”

“म्हण, कबूल नाही.”

बाईंनी तीनदा सांगून पाहिलं. शेवटी, “मग तास संपेपर्यंत उभी राहा तिथंच,” असं म्हणून त्यांनी खटला पुढं रेटला. साक्षीदार पकडली गेली, कर्तव्य सांगून झालं, न्यायाधीशानं कागदावरची सहा महिन्यांची सक्तमजुरी वाचून दाखवली आणि दरवर्षीप्रमाणं मुलींनी टाळ्या पिटल्या. आवडा वीस मिनिटं तिथं उभी होती. रडली नाही, मान खाली घातली नाही. बाईंना वाटलं, पोरगी हेकट आहे.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. शनिवारी मोकळ्या तासाला बाई पत्रांच्या वह्या तपासायला बसल्या, तेव्हा तिची वही हाती आली. ‘डिअर फादर’ एवढं टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं आणि खाली पान कोरं. इंग्रजीत दुसरी आलेली मुलगी, आणि एक ओळ लिहिता आली नाही? बाईंनी तिच्या बाकावरच्या कालिंदीला बोलावून घेतलं.

“आवडा आजारी आहे का गं?”

“नाही, बाई. ती आता येणारच नाही म्हणे.” कालिंदीनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “बाई, तिचे वडील हर्सूलला आहेत ना.”

“ते ठाऊक आहे मला. हर्सूलहूनच तर येते ती.”

“तसं नाही, बाई. ते तुरुंगात आहेत. खुनाच्या शिक्षेवर.”

दमयंतीबाईंना प्रथम कालिंदीचा राग आला, मग मुख्याध्यापकांचा, मग तुरुंगात बसलेल्या त्या न पाहिलेल्या माणसाचा. राग करायला माणसं संपली तेव्हा उरली ती लाज. जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज त्यांनीच भरून घेतला होता. वडिलांचा व्यवसाय, शेती. पालक म्हणून आईची सही, तीही अंगठ्याची. बाप असताना आई कशी सही करते, असं एका शब्दानं त्यांनी विचारलं नव्हतं, कारण दाराबाहेर रांग होती.

त्यांनी कपाटातून अकरा वर्षांपूर्वीची मूळ वही काढली. गुरुवारच्या पानावर समासात, पेन्सिलीनं, तेव्हाच्या त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘सतरा नंबर धीट आहे, हसरी आहे. आरोपी तिलाच करावं. तीन नंबर बुजरी, तिला न्यायाधीश केलं तर जरा आवाज फुटेल.’ म्हणजे त्या वर्षी त्यांनी नंबर नेमले नव्हते, मुली नेमल्या होत्या. एकेकीचा चेहरा डोळ्यांपुढं आणून नेमल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या मुली नववीत गेल्या आणि वहीत नंबर तेवढे राहिले. तेच नंबर बाईंनी इमानेइतबारे अकरा वेळा उतरवले.

साडेदहाला तात्यासाहेबांनी शिपायाकरवी निरोप धाडला. दमयंतीबाई रिकाम्या हातानं गेल्या.

“टाचण?”

“झालं नाही.”

तात्यासाहेबांनी चष्मा काढला. “अकरा वर्षांत पहिल्यांदा, पैठणकर बाई.”

“हो. अकरा वर्षांत पहिल्यांदाच लिहायचंय.”

काय ते बोलून गेल्या हे त्यांचं त्यांनाच उमगलं आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. तात्यासाहेब खालमानेनं ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “सही माझीही आहे त्या पानावर.” आणि थोड्या वेळानं, “सोमवारी द्या टाचण. पण प्रार्थनेच्या आधी.”

दुपारी टांगा करून बाई हर्सूलला गेल्या. विचारत विचारत तलावाच्या खालच्या अंगाला एका मळ्यात पोचल्या, तर मायलेकी मेथीच्या वाफ्यात खुरपत होत्या. आवडानं बाईंना पाहिलं, खुरपं खाली ठेवलं, नमस्कार केला आणि पुन्हा खुरपं उचललं. शाळेत जी मुलगी दिसायची तिच्या जागी त्या मळ्यात एक मोठी बाई बसली होती, असंच दमयंतीबाईंना वाटलं.

आई द्वारकाबाई लगबगीनं उठली. पोतं झटकून तिनं बांधावर अंथरलं. “बसा, बाई. पोरीनं काय चुकी केली का?”

“चूक माझी झाली, द्वारकाबाई. ते सांगायलाच आले.”

द्वारकाबाईला हे काही नीट समजलं नाही. शिकलेलं माणूस आपली चूक सांगायला घरी येतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण बाईंनी कोर्टाचं सगळं सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला आणि मग हळूहळू एकेक बोलत गेली.

थेट्यांचं गाव कन्नडच्या अलीकडं. कारभारी आणि सांडू हे सख्खे भाऊ, विहीर सामाईक. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीत घागरभर पाणी उरलं आणि मोट कुणाची पाळी कुणाची यावरून रोज वाजायला लागलं. एके दिवशी भर दुपारी कारभाऱ्यानं हातातलं फावडं भावाच्या डोक्यात घातलं. सांडू जागीच गेला. घरच्या बायका रोजगार हमीच्या कामावर होत्या, लिंबाखाली एकटी आवडा होती. बाजारातून येताना तिला गोडी शेव आणायचा तो हाच चुलता. साक्षीदार ती एकटीच नव्हती, आसपासच्या शेतांतून चारपाच जण बघत होते. पण गावानं ठरवलं, जे गेलं ते गेलं, दुसऱ्याला कशाला फासावर चढवायचं. कोर्टात एकेक जण उभा राहिला आणि म्हणाला, मी झोपलो होतो. वकिलानं आवडालाही तसंच पढवलं होतं. अकरा वर्षांचं पोर, लिंबाखाली झोपलं होतं म्हटलं की झालं.

“मंग जजसायबानं इचारलं, खोटं बोललं तर काय व्हतं, ठावं हाय का,” द्वारकाबाई म्हणाली. “ही म्हनली, ठावं हाय. अन् समदं सांगून मोकळी झाली. जन्मठेप लागली. नेताना मालक हिच्याकडं बघून वरडले, ही माझी पोरगी नव्हं. त्या दिसापासून दोघं एकमेकाला बोलले नाय. गाव सोडून आमी हितं मजुरीला आलो. मी महिन्याच्या महिन्याला मुलाखतीला जाती. ते हिचं नाव काढीत नाय, ही संगं येत नाय. दोघांच्या मधी म्या.”

आवडा खुरपतच होती. तिच्या हाताखालचा वाफा कधीच साफ झाला होता.

“आता शाळंत जायचं नाय म्हंती. सिल्लोडला माझा भाऊ हाय, त्यो सोमवारी न्यायला येनार. मक्याच्या आडतीवर काम हाय. अन् दिवाळीनंतर त्याच्या पाव्हण्यात लगीन बी जमंल म्हनतो. मी तरी काय करू, बाई? येकटीनं किती धरून बसू?”

दमयंतीबाई उठून वाफ्यात गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या लुगडं चिखलात टेकवून एका विद्यार्थिनीच्या समोर बसल्या. “आवडा, मी तुझ्याकडं न बघता तुला उभं केलं. आणि तू बोललीस तेव्हा मी ऐकलं नाही. गुरुवारी मी सगळ्या वर्गासमोर तुझी माफी मागते. पण शाळा सोडू नकोस.”

“माफी नका मागू, बाई. समद्या पोरी माझ्याकडं बघतील.” आवडानं पहिल्यांदा मान वर केली. “एक इचारू?”

“विचार.”

“पुस्तकात लिव्हलंय, साक्षीदारानं खरं सांगावं. म्या सांगितलं. त्याच्यानंतर त्यानं काय करावं, ते कुठं लिव्हलंय?”

दमयंतीबाईंनी अकरा वर्षांत त्या धड्यावर काढलेले सगळे प्रश्न आठवून पाहिले. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, सकारण उत्तरे लिहा. हा प्रश्न एकाही मुलीनं विचारला नव्हता आणि त्यांच्याही मनात आला नव्हता. थाप मारणं सोपं होतं. या मुलीपुढं ती मारवेना.

“पुस्तकात नाही,” त्या म्हणाल्या. “मलाही येत नाही. ज्याला येत असेल त्याला विचारावं लागेल.”

“कोनाला?”

“तुझ्या वडिलांना.”

तळ्यावरून वारा आला, मेथी हलली. मग आवडा म्हणाली, “तुमी येता का संगं?”

मुलाखत दुसऱ्याच दिवशी, रविवारी होती. पण एका वेळी दोघांनाच आत सोडत. महिनाभर वाट बघून मिळालेली ती पाच मिनिटं; द्वारकाबाईनं क्षणभर तुरुंगाच्या बाजूला नजर लावली आणि म्हणाली, “माझ्या जागी बाई जातील. मी बघती त्यांना दर महिन्याला. माझं काय!”

संध्याकाळी दिवेलागणीला दमयंतीबाई टाचण लिहायला बसल्या. एरवी दहा मिनिटांचं काम. यजमानांनी दोनदा विचारलं, “झालं का?” आणि तिसऱ्यांदा काही न विचारता स्वतःच भात टाकला. बाईंनी आधी एका कोऱ्या कागदावर आठवी ब च्या मुलींची नावं लिहिली. नंबर नाहीत, नावं. चौतीस मुली. नावं सगळी आठवली. मग प्रत्येकीपुढं, तिच्या घराबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे ते लिहायला घेतलं, तर एकोणीस नावांपुढं काहीच लिहिता आलं नाही. एकीचे वडील मिलमध्ये आहेत असं त्यांनी लिहिलं आणि मग आठवलं, तो मागच्या वर्षीच्या कुठल्या तरी मुलीचा बाप. खोडलं.

सोमवारचं इंग्रजी त्यांनी पहिल्यापासून लिहिलं. पत्रलेखन पुन्हा घ्यायचं ठरवलं, पण वडिलांना नव्हे: ज्याला लिहावंसं वाटतं त्याला, आणि वाटलं नाही तर कुणालाच नाही. मंगळवारी भूगोल, आपल्या गावाचं पाणी कुठून येतं. इथं त्यांचा हात थांबला. विहीर हा शब्द पुढच्याच ओळीत यायचा होता. तो वगळायचा का? थोडा विचार करून त्यांनी ओळ तशीच ठेवली. पोरीच्या आयुष्यातून विहीर वगळता येत नव्हती, मग भूगोलातून वगळून काय उपयोग होता? मात्र तो तास घेताना कुणाच्या बाकाशेजारी उभं राहायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं. बुधवार झाला. शुक्रवार झाला. गुरुवारच्या रकान्यात त्यांनी फक्त ‘घटक: साक्षीदार’ एवढं लिहिलं आणि वही मिटली.

रविवारी तुरुंगाच्या फाटकापाशी गर्दी होती. डबे, पिशव्या, कडेवरची पोरं. खिडकीतल्या कारकुनानं नाव लिहून घेतलं आणि दमयंतीबाईंकडं बघून विचारलं, “या कैद्याच्या कोण?”

बाई गडबडल्या. रांगेतल्या एका म्हातारीनं मागून हळूच सांगितलं, “मावशी म्हना. परक्याला नाय सोडत.” बाईंच्या ओठांवर ‘मावशी’ आलंच होतं.

“मावशी नाय,” आवडा म्हणाली. “माझ्या शाळंच्या बाई हायेत.”

कारकुनानं लेखणी थांबवली. दमयंतीबाईंना वाटलं, आता एवढ्यावरून परत धाडतील, आईची पाळी फुकट जाईल, आणि उद्या मामा येईल. बरं, रागवायचं तरी कुणाला? खरं सांगावं, हेच तर त्या अकरा वर्षं शिकवत होत्या. कारकुनानं एकदा मुलीकडं पाहिलं, एकदा बाईंकडं, आणि पुटपुटत काहीतरी लिहून चिठ्ठी पुढं सरकवली. “पाच मिंटं,” तो म्हणाला.

आत दोन जाळ्या होत्या आणि मधे हातभर बोळ. पलीकडून पांढऱ्या टोपीतला एक वाळलेला माणूस आला. बायको दिसेल म्हणून आला होता. मुलगी दिसल्यावर जागच्या जागी थांबला. मग बाईंना उद्देशून म्हणाला, “रामराम.”

“रामराम. मी आवडाची शिक्षिका.”

एक मिनिट असंच गेलं. आजूबाजूला सगळे ओरडून बोलत होते, कुणाची म्हैस व्यायली होती, कुणाचा अर्ज फेटाळला होता. मग आवडा जाळीला चिकटली.

“दादा, मी शाळा सोडली.”

“का?”

तिनं बाईंकडं पाहिलं नाही, म्हणून बाईच बोलल्या. “मी वर्गात कोर्ट भरवलं. हिला आरोपी केलं. मला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नव्हतं. ही म्हणाली, गुन्हा कबूल आहे.”

कारभाऱ्यानं जाळी धरली. त्याची बोटं पलीकडून दिसत होती. “ही म्हनली?”

“हो.”

“दादा,” आवडा म्हणाली, “खरं बोलल्यावर मंग काय करायचं अस्तं?”

पहाऱ्यावरच्या शिपायानं घड्याळ बघितलं. कारभाऱ्यानं जाळी सोडली. दमयंतीबाईंना वाटलं, हा आता पाठ फिरवून जाणार. त्यांनी मनातल्या मनात, एरवी कधी न केलेला, देवाचा धावा केला.

“बोलनारानं काय करायचं नस्तं, पोरी,” कारभारी म्हणाला. “त्याचं काम झालेलं अस्तं. पुढचं आयकनारानं करायचं अस्तं. ते म्या केलं नाय.” त्यानं टोपी काढून तोंड पुसलं. “सांडूला म्या मारलं. अन् वकिलाला, पोरीला पढव, हे बी म्याच सांगितलं. माझा खून तुझ्या गळ्यात अडकवीत व्हतो. तू नाय घेतला, तर तुलाच म्हनलो, माझी नव्हं म्हून. दोन वरसं तुझ्या आईपाशी निरोप द्यावा म्हनतो, जीभ उचलत नाय. ते म्हनलो ते मागं घेतो म्या. आयकलं का? मागं घेतो.”

“आयकलं,” आवडा म्हणाली.

“कबूल म्या हाय. तू नाय. पुना म्हनू नको तसं कुठं.”

“चला, चला,” शिपाई म्हणाला.

कारभारी दोन पावलं गेला आणि वळला. “पुढल्या महिन्याला येशील का?”

“आईची पाळी मोडून नाय. दोघी येऊ.”

बाहेर ऊन चढलं होतं. द्वारकाबाई फाटकासमोरच्या लिंबाखाली उभी होती, दोन्ही हातांनी रिकामी पिशवी धरून. आवडा तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, “बोलले दादा.”

“काय बोलले?”

“समदं बोलले.”

द्वारकाबाई मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. कोर्टात रडली नव्हती, गाव सोडताना रडली नव्हती, ते सगळं आता आलं. रांगेतली माणसं बघायला लागली. दमयंतीबाईंना तिला धरावंसं वाटलं, पण आपण इथं कोण लागतो, असंही वाटलं. मग त्या तशाच तिच्याशेजारी मातीत बसल्या. त्यांनाही रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.

आवडा तेवढी उभी होती. तिनं दोघींना भरपूर रडू दिलं. मग आईच्या दंडाला धरून तिला उठवलं.

“उद्या मामा आला तर त्याला च्या पाज.”

“साखर नाय घरात,” द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाली.

“मंग गुळाचा पाज. पर वाटंला लाव त्याला. मी शाळंत असंन.”